दोन लेकरं आणि एक पिवळी परी

तेलीबांधा, रायपूर
पोळ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप सरलाताईच्या पायांवर धाकट्या नरहरीचं डोकं. (टेकवलं असं समज. खरोखर वाकलो तर उठवायला अभिनवला कामावरून बोलवावं लागेल.)

ताई, तुझे गुडघे काय म्हणतात? ते तेल लावतेस, की बाटली देवघरात ठेवून नुसता नमस्कार करतेस? प्रफुल्ल वेळेवर घरी येतो ना? गच्चीवरचा गवती चहा माकडांनी शिल्लक ठेवला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द सवयीने लिहिला गेला. खरं सांगायचं तर वाढदिवस झाल्यापासून माझी छाती धडधडते आहे ती अजून थांबलेली नाही, जेवताना घास हातातच राहतो, आणि पद्मिनी म्हणते की मी झोपेतसुद्धा "काय सांगता!" म्हणून ओरडतो. हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला पुढचं आठवत नाही. कागद वाचताना हस हवं तितकं, मला ऐकू येणार नाही.

तर गोष्ट अशी, की अभिनवची जुळी, रेवा आणि निनाद, वर्षाची झाली. (निनाद नावाला जागतो, खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्याच्या दुधाच्या वेळा पाठ आहेत. रेवा आवाज करत नाही, ती चावते.) आपल्याकडे लेकरू वर्षाचं झालं की काय करतात? न्हाऊ घालतात, पाटावर बसवून ओवाळतात, शिरा करतात, चार घरी वाट्या पाठवतात आणि पदर खोचून पुढच्या कामाला लागतात. मी हेच धरून निश्चिंत बसलो होतो. एक दिवस सूनबाई, आपली निधी, म्हणाली, बाबा, थीम ठरली, सनशाइन. म्हणजे काय, तर म्हणे सूर्याची. घर पिवळं, केक पिवळा, लेकरं पिवळी, आणि पाहुण्यांनीही पिवळंच घालून यायचं. ताई, पाहुण्यांना कपड्यांचा रंग सांगायचा! आपल्या बाबांनी कुणाला असा निरोप धाडला असता तर पंगतीला आपण दोघंच बसलो असतो. त्यातून सावरतो न सावरतो तोच तिने सांगितलं की केक कापायचा नाही, लेकरांना केकसमोर बसवायचं आणि त्यांनी तो हातापायांनी तुडवायचा, ह्यालाच हल्ली मजा म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात. आणि त्याआधी मेणबत्त्या फुंकून विझवायच्या! वाढदिवसाच्या दिवशी, लेकरांच्या देखत, घरातला पेटता दिवा तोंडाने विझवायचा! मी अभिनवकडे पाहिलं. तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "पापा, टेन्शन मत लो." ह्या मुलाशी मी जन्मभर मराठीत बोललो आणि त्याने जन्मभर मला हिंदीत उत्तर दिलं, त्याचा धक्का मात्र आता बसत नाही.

एक गोष्ट मात्र निधीची मला पटली. ती म्हणाली, विकतचं काही आणायचं नाही, सगळं घरीच करायचं. मोठी होऊन दोघं हे फोटो पाहतील तेव्हा त्यात आपल्या माणसांच्या हातचं दिसलं पाहिजे, ह्या वर्षी तरी सगळं एका जागी दिसू दे. हे बोलताना तिचा आवाज जरा ओला झाला आणि ती पुन्हा पिवळे कागद कापू लागली.

ओला का झाला, ते आता लिहितो, कारण त्याशिवाय पुढचा तमाशा तुला कळायचा नाही. निधीची बाळंतपणाची रजा केव्हाच संपली, वर बिनपगारी घेतली तीही दसऱ्याला संपते. मग ती आणि अभिनव दोघंही सकाळी नवा रायपूरला जातील ते दिवेलागणीला परततील. घरात उरलो आम्ही दोघं. पद्मिनीची कंबर तुला ठाऊक आहे. मी एका लेकरामागे धावू शकतो, पण दुसरं नेमकं त्याच क्षणी उलट्या दिशेला जातं आणि तिकडे गॅलरी असते. तिकडे नागपूरला निधीची आई, आपल्या विहीणबाई सुनीतीबाई, एक लेकरू सहज सांभाळतील, पण दोन त्यांनाही झेपायची नाहीत. तेव्हा असं निघालं, की वाटून घ्यावीत. एक लेकरू इथं आमच्याजवळ, एक नागपूरला आजीजवळ, आणि सणावाराला भेटगाठ. ताई, मी सुन्न झालो! एका पोटात अंग चोरून नऊ महिने काढलेली लेकरं, त्यांची काय वावरासारखी मधोमध धुऱ्याचा बांध घालून वाटणी करायची? (कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मी लिहीत नाही. विहिणीबद्दल कागदावर वाईट लिहू नये हे तूच शिकवलं आहेस.) वाईट ह्याचंच, की विचार करायला बसलं तर त्या कल्पनेत खोट काढता येत नव्हती. अभिनवने दोन्हीकडे मान हलवली. निधी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. वाढदिवसाला सुनीतीबाई आल्या की समोरासमोर बसून काय ते ठरवायचं, असं झालं. म्हणजे त्या केक खायला येणार नव्हत्या, लेकरू न्यायला येणार होत्या.

मी मनाशी एकच गाठ बांधली. असा वाढदिवस करायचा, घर असं नटवायचं, की विहीणबाईंनी उंबऱ्यात पाय ठेवताच म्हणावं, छे छे, अशा घरातून लेकरू हलवायचं नाही, दोघं इथंच वाढू द्या.

निधीला केकच्या मागे फोटोसाठी काहीतरी भव्य हवं होतं. तिने फोनमध्ये दाखवली ती सूर्यपरी होती, हात पसरून उभी, तोंडावर हसू. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड. आता ताई, तूच सांग, माझ्याशिवाय हे दुसरं कोण करणार होतं? नागपूरच्या इतवारीत आपल्या गल्लीतली मोठी पोरं मिरवणुकीचे पुतळे बांधायची तेव्हा बांबूच्या कामट्या तासून कोण द्यायचं? मी. मैद्याची खळ शिजवून कोण द्यायचं? तू. (आणि अर्धी कोण खायचं, ते जाऊ दे.) सगळी नोकरी रेल्वेच्या वॅगनी दुरुस्त करण्यात गेली, पण त्या सोडल्या तर बांबू, रद्दी आणि खळ ह्यांपासून माणूस उभं करणं एवढी एकच कला माझ्या अंगात आहे. गुढियारीच्या बाजारातून बांबू आणले, गच्चीवर जुनी चादर बांधून आडोसा केला आणि सगळ्यांना तिथं यायची बंदी केली. एकदम दाखवून थक्क करायचं होतं. (ते झालं म्हणा.)

आता प्रत्येक गोष्ट मी निधीच्या सांगण्यावरहुकूम केली, हे ध्यानात ठेव, कारण पुढे सगळे माझ्याच अंगावर आले. ती म्हणाली पिवळी, मी पिवळी रंगवली, पायाच्या नखापासून कपाळापर्यंत. ती म्हणाली डोळे मोठे हवेत, कार्टूनसारखे, मी ताटाएवढे काढले. ओठ लाल म्हणाली, लाल केले. केस लांब आणि मोकळे म्हणाली, सुतळी उसवून काळी करून कमरेपर्यंत सोडली. सडपातळ म्हणाली होती, पण सडपातळ बांबू वाऱ्याने डुलायला लागला, म्हणून कमरेत आणि छातीत रद्दी जास्त भरून तिला चांगली भरदार केली. अंगावर पद्मिनीचं जुनं लाल लुगडं. पद्मिनी एकदा चहाच्या निमित्ताने बंदी मोडून वर आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, हिला मी कुठंतरी पाहिलं आहे. मी म्हटलं, निधीच्या फोनमध्ये पाहिलं असशील. ती काही न बोलता कप घेऊन खाली गेली. बायको काही न बोलता खाली गेली की माणसाने काम थांबवावं, हा धडा मी एवढा म्हातारा झालो तरी शिकलेलो नाही.

वाढदिवस तारखेने आला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हे माझ्या लक्षात नव्हतं असं कुणी म्हणू नये. लक्षात होतं, पण लेकरांचा तान्हा पोळा म्हणून होतं. दोघांसाठी मी इकडचे चाकं लावलेले मातीचे बैलही आणून ठेवले होते. (निनादने त्याच्या बैलाचं शिंग मोडलं, रेवाने शेपूट खाल्लं.) समोरच्या घरातली पिंकी, निधीची मैत्रीण, तिने पोळ्याच्या फराळाचा, ठेठरी-खुरमीचा डबा आणून दिला. ह्या सगळ्या गडबडीत तो दिवस नागपुरात आणखी कशाचा असतो, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. रायपुरात राहून माणसाचं काय होतं ते बघ.

परीला खाली आणणं हे एक वेगळंच प्रकरण. लिफ्टमध्ये तिचं नुसतं डोकं गेलं. शेवटी जिन्याने आणली, मी पायांकडून, अभिनव डोक्याकडून, आणि वॉचमन मधून हाका मारत. दाराशी आल्यावर कळलं की पसरलेले हात चौकटीतून जात नाहीत. मग मी ते खांद्यातून सोडवले आणि आत नेऊन पुन्हा बांधले, पण पसरलेले बांधायला भिंतीशी जागा नव्हती, म्हणून वर उचललेले बांधले. आशीर्वाद देते आहे असं वाटेल म्हणून. वर चादर टाकली. निधी तेव्हा लेकरांना पिवळं घालण्यात गुंतली होती. ते काम वॅगनीला चाक बसवण्यापेक्षा अवघड असतं.

सुनीतीबाई दुपारच्या गाडीने उतरल्या, संत्र्याची बर्फी आणि पिवळी साडी अशा तयारीने. (त्याही! ह्या वयात! रंगाचा निरोप नागपूरपर्यंत गेला होता.) मी त्यांना घरभर फिरवलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावलाय ते दाखवलं, गॅलरीला जाळी बसवलीय ती दाखवली. बाईंचा चेहरा जरा निवळला. पद्मिनीच्या मांडीवर दोन्ही लेकरं एकमेकांच्या कानाला धरून बसली होती, ते त्या पाहत राहिल्या. "चांगलं ठेवलं हो," एवढे शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघाले. ताई, त्या क्षणी मी जिंकलो होतो. तिथंच थांबलो असतो तर!

संध्याकाळी घर भरलं. इतकी पिवळी माणसं मी हळदीच्या कार्यक्रमातही पाहिली नाहीत. केक आला, लेकरं केकसमोर बसली. रेवाने केकला चावण्याआधी निनादला चावून घेतलं. मेणबत्त्या पेटल्या, आणि मी म्हटलं, थांबा, विझवायच्या आधी परी. सगळे गप्प झाले. मी चादर ओढली.

ताई, तुला सांगायला नको. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस. सुनीतीबाईंच्या हातातली आरती तिरपी झाली, त्यांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की निनाद रडायचा थांबून त्यांच्याकडे कौतुकाने पाहू लागला. निधी पांढरी पडली. मी मागे वळून पाहिलं, आणि त्या क्षणापर्यंत, देवाशपथ सांगतो, मला दिसली नव्हती ती मला दिसली. पिवळी. भरदार. डोळे वटारलेले, हात उगारलेले, केस सोडलेले, लाल लुगडं. पीडा घेऊन जाणारी आपली मारबत! माझ्या नातवंडांच्या डोक्यावर मारबत उभी होती आणि ती मी माझ्या हाताने बांधली होती! हातांना मी परी सांगितली होती, पण हातांना मोठ्या बाईचा एकच साचा माहीत, ते तरी काय करणार?

"व्याहीबुवा," सुनीतीबाई म्हणाल्या, "लेकराईच्या पयल्या वाढदिवसाले तुमी मारबत उभी केली? सकाळी माझ्या गल्लीतून तिले हाकलून आली ना मी, अन् इथं तुमी तिले घरात घेतली?"

मी म्हटलं, अहो, नागपुरात लोक मारबतीला हातही जोडतात. त्या म्हणाल्या, जोडतात अन् मंग जाळतात. तोवर पिंकी टाळ्या वाजवत पुढे आली, "अब्बड सुग्घर, अंकल!" (म्हणजे फारच सुंदर) म्हणाली आणि मारबतीसोबत स्वतःचे फोटो काढू लागली. सुनीतीबाईंनी केकच्या मधून वाट काढली (पिवळ्या साडीसकट), एक लेकरू ह्या कडेवर घेतलं, एक त्या कडेवर, आणि जाहीर केलं, "मी चालली नागपूरले. एक नाही, दोन्ही पोट्टे घेऊन चालली."

ताई, एक वाचवायला निघालो होतो, दोन्ही चालली. अभिनव म्हणाला, मम्मीजी, प्लीज. पद्मिनी केकवरच्या मेणबत्त्या अजून पेटत्या आहेत ना ते पाहत होती. मी मारबतीचे हात सोडवायला धावलो, की निदान हात खाली केले तर थोडी परी दिसेल. तर सुनीतीबाई दारातूनच ओरडल्या, "हात नका लावू! अशी अर्धी मोडता येत नाही तिले. उभी केली ना? मंग रीतीनं काढा बाहेर, हाका देत काढा, नाही तर घरात बसते ती." लेकरं घेऊन निघालेली बाई, पण रीत चुकलेली तिच्याने पाहवेना. नागपूरचं माणूस कितीही रागावलं तरी मारबत अर्धवट सोडत नाही, हे त्या दिवशी मला कळलं, आणि खरं सांगतो, त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

मग निघाली मिरवणूक. जिन्यात पिंकीने मला विचारलं, "अंकल, ये है क्या?" मी धापा टाकत तिला सांगितलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कागद-बांबूची ही मोठाली बाई मिरवतात, जो तो आपली रोगराई, कटकट, पीडा तिच्या डोक्यावर घालतो, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडतो, आणि शेवटी गावाबाहेर तिला जाळतात. पिंकी म्हणाली, "हव? कुछ भी दे सकते हैं?" मी हो म्हणायचा अवकाश, तिने वरच्या पायरीवरून आवाज दिला, "सासूमाँ का मोबाइल, घेऊन जा गे मारबत!" तिची सासू मागेच होती. तिने त्याहून मोठ्याने "बहू की नींद" दिली. मग कुणाला थारा उरला नाही. कुणी गच्चीवरची काळी धूळ दिली, कुणी बंद पडणारी लिफ्ट, कुणी साहेब, कुणी शुगर. ज्या लोकांना मी इतकी वर्षं "नमस्ते" आणि "पानी आया क्या" एवढंच बोलताना ऐकलं, त्यांच्या पोटात एवढं काय काय होतं! आणि मारबत हा शब्द कुणी असा म्हणे, कुणी तसा, पण ओरडत सगळे जीव तोडून होते. हा थीमचाच शेवटचा भाग आहे अशी सगळ्यांची ठाम समजूत होती. निधीने काय सुंदर योजलं आहे, असं एक बाई दुसरीला सांगत होती.

आणि मग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मारबत अडकली. सगळे थांबले, आवाज थांबले. सुनीतीबाई खाली उभ्या होत्या, दोन्ही कडेवर दोन लेकरं, मी आणि अभिनव मध्ये बांबूखाली, आणि वर निधी, केसांत केक. तिने कठड्याला धरलं आणि ओरडली. ताई, ह्या घरात आल्यापासून त्या पोरीचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. ती आपल्या नागपुरी बोलीत ओरडली, "लेकराईची वाटणी, घेऊन जा गे मारबत!"

कुणीच साद दिली नाही. पिंकीला ते कळलं नाही, आम्हाला फार कळलं. माझ्या खांद्यावरचा बांबू एकदम जड झाला. निधी रडत नव्हती, ती फक्त खाली आपल्या आईकडे पाहत होती. सुनीतीबाईंनी एकदा ह्या कडेवरच्याकडे पाहिलं, एकदा त्या कडेवरच्याकडे. रेवाने त्यांच्या मंगळसूत्रात दात रुतवले होते आणि निनादने रेवाचा पाय धरून ठेवला होता. मग त्या हळूच, जवळजवळ स्वतःशी, म्हणाल्या, "घेऊन जा गे मारबत." त्यासरशी अख्खा जिना ओरडला. मारबत सुटली ती खालपर्यंत गेली.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर तिला उभी केली. वॉचमन बादली घेऊन बाजूला राहिला. कुणाकडेच काडेपेटी नव्हती. तेवढ्यात पद्मिनी पदराचा आडोसा करून आली, केकवरची मेणबत्ती घेऊन, न विझवलेली. तिनेच लावली. रद्दी मी चांगली सुकवलेली होती, भुर्रकन पेटली. सुनीतीबाई दोन्ही लेकरांना दुरून दाखवत होत्या आणि लेकरं टाळ्या पिटत होती. शिरा आम्ही परत वर येऊन खाल्ला, सगळ्यांनी, केक लागलेल्या फरशीवर बसून. मी जरासुद्धा रडलो नाही. धूर डोळ्यांत गेला होता.

आता पुढचा धक्का ऐक. त्या मिरवणुकीचे व्हिडिओ रायपूरभर फिरत आहेत आणि कालपासून मला लोकांचे फोन येतात. एकाला मुलाच्या वाढदिवसाला "मारबत थीम" हवी आहे. एक गृहस्थ साखरपुड्यासाठी विचारत होते! मी त्यांना विचारलं, तुम्हाला हाकलायचं कुणाला आहे? ते म्हणाले, फोन पे नहीं बता सकते. जग कुठे चाललं आहे, ताई, मला खरोखर कळत नाही.

दोन्ही लेकरं इथंच राहायचं ठरलं. विहीणबाई परवा परत गेल्या. दसऱ्यापर्यंत घर लावून महिनाभरासाठी येते म्हणाल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, की मारबत बाकी चांगली बांधली होती, फक्त नाक जरा बसकं झालं. प्रफुल्लला आशीर्वाद. तुझ्या पायांना पुन्हा एकदा डोकं.

तुझा,
नरहरी

ता. क. नाकाचं कारण तुला सांगतो, रागावू नकोस. चेहरा काढायला समोर काही तरी हवं होतं. निधीच्या फोनमधली परी गोरी, लहान तोंडाची, आपल्या लोकांत शोभेना. म्हणून मी तुझ्या लग्नातला फोटो समोर ठेवला होता. जाळायच्या आधी मी मनात तुझी माफी मागितली आहे.

दुसरी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. सुनीतीबाई महिनाभर राहतील, मग त्यांना घरी जावं लागेल. त्यानंतर आम्हाला तिसरं माणूस पाहिजे, म्हणजे एक रेवामागे, एक निनादमागे आणि एक बसून हुकूम सोडायला. तुझे गुडघे बघता तिसरं काम तुझंच. तू होकार दिला आहेस असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे आणि अभिनवने तुझं तिकीटही काढलं आहे. खालचा बर्थ आहे.

तिसरी ता. क. (अक्षर बदललं आहे, मी पद्मिनी.) ताई, सप्रेम नमस्कार. पाकिटावर पत्ता लिहायला हे पत्र माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. बाकी सगळं बरोबर आहे, एकच सोडून. विहीणबाईंवर उगाच डाग नको. एक इथं, एक तिथं, ही कल्पना ह्यांचीच होती. माझी कंबर रात्रंदिवस दुखताना पाहिली आणि ह्यांच्याच तोंडून निघालं, त्या बिचाऱ्यांनी फक्त मान डोलावली होती. मी ह्यांच्याशी वाद घातला नाही. लेकरं दोघं समोर चटईवर होती. मी एवढंच म्हटलं, "बरं, मग कोणतं पाठवायचं ते तुम्हीच सांगा." हे किती तरी वेळ चटईकडे बघत बसले, ह्याच्याकडे, मग तिच्याकडे. मग उठले, चपला घातल्या आणि गुढियारीला बांबू आणायला गेले.